तीजा, चूडी, मितानिन

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी रायपूरच्या भाठागाव बसस्थानकावर जाऊन उभं राहावं. बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. गर्दीत पुरुष पुष्कळ असतात, पण कामाधंद्याला निघालेले थोडेच. बाकीचे कोणी बहिणीला, कोणी लेकीला, कोणी आत्याला आणायला निघालेले असतात. 'तीजा लेवाय बर', म्हणजे तीजासाठी माहेरी न्यायला. परतीच्या बसमध्ये त्यांच्यासोबत पिशव्या असतात, पोरंबाळं असतात आणि माहेराला निघालेली बाई असते. सत्तरी ओलांडलेल्या आजीलाही भाऊ न्यायला येतो. भाऊ राहिला नसेल तर भाचा येतो.

तीजा म्हणजे भाद्रपद शुद्ध तृतीया, आपली हरतालिका. आदल्या रात्री 'करू भात' जेवायचा, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात. नुसत्या आपल्या घरी नाही, शेजारीपाजारी चार घरी जाऊन चार घास खायचे. मग दिवसरात्र निर्जळी उपास. पारण्याला माहेरची नवी साडी आणि ठेठरी-खुरमीचा फराळ. उपास कशासाठी? नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी. आणि ज्याच्या आयुष्यासाठी ही बाई पाण्याचा थेंब तोंडात घालत नाही, तो नवरा तिच्या सासरी चुलीपुढे बसून स्वतःचा भात शिजवत असतो.

मला या सणाचं नवल वाटतं ते इथे. वर्षभर राबणाऱ्या बाईला चार दिवस हक्काची सुट्टी आहे, ती नाकारायची कोणत्याही सासूची छाती नाही, आणि ही सुट्टी मिळते ती पतिव्रतेच्या व्रताच्या नावावर. हे बंधन म्हणायचं की मोकळीक?

आपल्याकडे वादविवाद स्पर्धेत एक विषय ठरलेला असतो: 'स्त्रीवाद, तारक की मारक?' एक बाजू सावित्रीबाईंपासून सुरू होते, दुसरी कुटुंबसंस्थेवर येऊन थांबते. टाळ्या दोघांनाही पडतात. हाच प्रश्न घेऊन नागपूरहून पूर्वेला तीनशे किलोमीटरवरच्या रायपूरला यावं, तर तो प्रश्न हातात राहत नाही. इथे एका बाईच्या पदरात जे पडतं ते कधी कधी दुसरीच्या पदरातून गेलेलं असतं, आणि ज्याला आपण मागासलेपण म्हणतो त्याच्या आत एखादा हक्क शाबूत असतो.

आधी दोन आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सुमारे ७६ टक्के स्त्रिया साक्षर होत्या, छत्तीसगढमध्ये सुमारे ६०. शिक्षणानं मुलीचं मोल वाढतं असं आपण गृहीत धरतो. आता सहा वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण बघा. दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली, छत्तीसगढमध्ये ९६९. कमी शिकलेल्या राज्यात मुली जास्त जगल्या, आणि त्या राज्यातही शहरांत हे प्रमाण खेड्यांपेक्षा खाली आलं. सोनोग्राफीचं यंत्र जिथे आधी पोचलं, पैसा जिथे आधी पोचला, तिथे मुली आधी कमी झाल्या. गर्भपाताला कायद्यानं १९७१ मध्ये वाट करून दिली. बाईच्या जिवासाठी ती वाट हवीच होती. त्याच वाटेनं मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले, तेव्हा त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांतही महाराष्ट्रातल्या स्त्रीवादी कार्यकर्त्याच पुढे होत्या, आणि १९८८ मध्ये या राज्यानं देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. एकाच चळवळीला एकीकडे बाईचा गर्भपाताचा हक्क राखायचा होता आणि दुसरीकडे त्या हक्काचा सुरा थोपवायचा होता. ही तारेवरची कसरत तिला आजही करावी लागते.

आता बांगड्यांकडे येऊ. मराठीत 'हातात बांगड्या भरल्यात का?' हे पुरुषाला डिवचण्यासाठी विचारतात. बांगडी म्हणजे दुबळेपणा, असं आपल्या भाषेनं ठरवून टाकलं आहे. छत्तीसगढमध्ये 'चूडी पहिराना' याचा अर्थ निराळा आहे. विधवा झालेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेल्या बाईला दुसरा पुरुष समाजासमोर बांगड्या भरतो आणि ती त्याची बायको होते. सप्तपदी नाही, कन्यादान नाही. इथल्या शेतकरी, कारागीर आणि कष्टकरी जातींमध्ये ही रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली. आपल्याकडच्या पाटाची, मोहतराची ही सख्खी बहीण. पुण्यामुंबईचे सुधारक विधवेनं पुन्हा लग्न करावं की नाही यावर शास्त्रार्थ करत होते, त्या काळात या मुलखातली विधवा बांगड्या भरून नवा संसार मांडत होती.

म्हणून ही रीत सोन्याची होती असं नाही. चूडीनं आलेल्या बाईचा मान पहिल्या लग्नाच्या बाईइतका नसे, आणि घरात एक बायको असताना दुसरीला चूडी घालून आणणारे पुरुषही होते. तरी एक दार उघडं होतं, हे खरं.

या उघड्या दाराशी एक कायदा येऊन धडकला. त्याची गोष्ट वाचली तेव्हा मी थक्क झालो. १८५६ मध्ये, ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांनी, हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. आधुनिक भारतात स्त्रीच्या बाजूनं पडलेलं एक मोठं पाऊल म्हणून आपण तो शाळेत शिकतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या दुसऱ्या कलमात एक अट होती. पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपेल, जणू ती त्या क्षणी मेली असं समजून. ज्या घरांत विधवेचं केशवपन होत होतं, तिथे पुनर्विवाहाची मुभा हीच मोठी गोष्ट होती. मिळकत गेली तरी आयुष्य मिळत होतं. पण ज्यांच्यात पाट लागतच होता त्यांचं काय? त्यांना हा कायदा नकोही होता. अलाहाबादच्या उच्च न्यायालयानं म्हटलं, ज्यांच्या रूढीत पुनर्विवाह आधीपासून आहे त्यांना ही अट लागू नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १८९६ मध्ये उलट निकाल दिला: कायदा सगळ्यांना. रूढीनं जिचा जमिनीवरचा हक्क टिकला असता, तीही बाई आता पाट लावला की शेत गमावू लागली.

तेव्हा 'स्त्रीवाद' हा शब्द आपल्याकडे आला नव्हता, आणि विद्यासागरांच्या हेतूवर मी तिळमात्र संशय घेत नाही. पण वरच्या जातीतल्या बाईच्या मुक्तीची किंमत कष्टकरी बाईच्या सातबाऱ्यातून वळती झाली, हे झालं. दलित आणि आदिवासी बायका चळवळीला आजही विचारतात, 'तुमच्या 'आम्ही बायका' मध्ये आम्ही आहोत का?' त्या प्रश्नाला इतका जुना आधार आहे. स्त्रीवादाची खरी उणी बाजू शोधायची तर ती इथे आहे. त्यानं घर मोडलं या आरोपात ती नाही. काही बायकांचा अनुभव सगळ्या बायकांचा म्हणून धरला गेला, ही ती बाजू आहे.

आणि उजेडाची बाजू? तीही रायपूरनंच दाखवावी, आणि ती बाई नागपूरची असावी, हा योग मोठा सुंदर आहे.

राधाबाई १८७५ मध्ये नागपुरात जन्मल्या. त्या सात वर्षांच्या असताना, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला. राधाबाईंपर्यंत ते पुस्तक पोचण्याचा प्रश्नच नव्हता. नवव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि लहानपणीच त्या विधवा झाल्या. शेजारणीच्या आधारानं हिंदी शिकल्या, सुईणीचं काम शिकल्या. तेच त्यांचं माध्यमिक आणि तेच उच्च शिक्षण. १९१८ मध्ये त्या रायपूरला आल्या आणि नगरपालिकेत सुईण म्हणून रुजू झाल्या. बाळंतिणीच्या उशाशी बसणाऱ्या या बाईला लोक आधी आई म्हणू लागले, मग डॉक्टर. साधारण त्याच पिढीतल्या रखमाबाईंनी बालपणीचा नवरा नाकारून कोर्टात झुंज दिली आणि लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन पदवी मिळवली. राधाबाईंना डॉक्टरकी रायपूरच्या बाळंतिणींनी दिली. दोघींच्या नावामागे डॉक्टर लागतं, आणि मला दोन्ही पदव्या सारख्याच खऱ्या वाटतात.

१९३० ते १९४२ या काळात राधाबाई सत्याग्रहात होत्या आणि तुरुंगात गेल्या. सफाई कामगारांच्या वस्तीत जाऊन झाडलोट करायच्या, पोरांना न्हाऊ घालायच्या. विचार करा, बालविधवा, एकटी बाई, परमुलखात, १९२०-३० च्या दशकांत, अस्पृश्य वस्तीत जाऊन दुसऱ्याची पोरं मांडीवर घेते आहे. तिला कोणी स्त्रीवादी म्हणालं नाही. तिनं ते नाव मागितलंही नसतं.

त्यांनी हाती घेतलेल्या कामांत एक होतं 'किसबिन नाच' बंद करण्याचं. काही घरांतल्या बायकांना पिढ्यान्पिढ्या नाचगाण्याला आणि त्याआडच्या शोषणाला बांधून ठेवणारी ही प्रथा. राधाबाईंनी त्या बायकांना यातून सोडवू पाहिलं, आणि मी मनापासून त्यांच्या बाजूचा आहे. पण लगेच मुंबई आठवते. २००५ मध्ये महाराष्ट्रानं डान्सबारवर बंदी आणली आणि हजारो बायकांची रोजीरोटी एका रात्रीत गेली. तेव्हा स्त्री-चळवळच दुभंगली. काही संघटना बंदीच्या बाजूनं होत्या. फ्लेव्हिया अॅग्नेस यांच्यासारख्या वकील बारबालांच्या बाजूनं न्यायालयात उभ्या राहिल्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती बंदी टिकू दिली नाही. राधाबाईंची रीत आणि सरकारची रीत यांतला फरक मला असा दिसतो: त्या वस्तीत जाऊन बसत होत्या, सरकारनं फर्मान काढलं. सोडवायला आलेलं माणूस नंतर तिथे थांबतं की नाही, यावर बरंच ठरतं.

नाचण्या-गाण्यावरून तीजन बाईंचं नाव घ्यायलाच हवं. पंडवानी म्हणजे महाभारत गाऊन, अभिनय करून सांगण्याची छत्तीसगढी रीत. बायकांनी गायचं तर बसून, वेदमती शैलीत. उभं राहून, मंच गाजवत गायची कापालिक शैली पुरुषांची. दुर्गजवळच्या गनियारीची ही मुलगी उभी राहिली. समाजानं तिला वाळीत टाकलं. तंबोरा तिच्या हातात कधी भीमाची गदा झाला, कधी अर्जुनाचा रथ. २०१९ मध्ये तिला पद्मविभूषण मिळालं. उभं राहणं एवढंच तिचं बंड होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येतो.

छत्तीसगढमध्ये मैत्री ही विधिपूर्वक लावायची गोष्ट आहे. नागपंचमीच्या सुमारास टोपलीत गहू पेरतात, त्याचे पिवळसर अंकुर म्हणजे भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी भोजली तळ्यात शिरवतात, आणि वाचवून ठेवलेले अंकुर दोन मैत्रिणी एकमेकींच्या कानावर खोचतात. त्या क्षणापासून एकीनं दुसरीचं नाव घ्यायचं नाही, 'भोजली' म्हणायचं. ही मैत्री जन्मभराची असते, जात ओलांडते, आणि दोन्ही घरं सुखदुःखाला एकमेकांची होतात. अशा मानलेल्या मैत्रिणीसाठी शब्द आहे मितानिन.

२००२ मध्ये, राज्य होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा छत्तीसगढनं गावागावांत आरोग्याची बाई नेमायचं ठरवलं आणि तिला नाव दिलं मितानिन. तिला गावानं नव्हे, पाऱ्यानं निवडायचं. पारा म्हणजे गावातली वस्ती, टोला. त्यामुळे आदिवासी पाऱ्याची मितानिन आदिवासी, सतनामी या दलित समाजाच्या पाऱ्याची सतनामी. अशा साठ हजारांहून अधिक बायका उभ्या राहिल्या. ताप, जुलाब, बाळंतपण, नवजात बाळाची ऊब यांचं शिक्षण त्यांना मिळालं. पण घरोघर फिरणारी बाई नुसती थर्मामीटर लावून परतत नाही. रेशन दुकान बंद का, अंगणवाडीत खाऊ का नाही, अमकीला नवरा मारतो त्याचं काय, हेही ती विचारू लागली. २००५ मध्ये देशानं 'आशा' योजना आणली ती बरीचशी या मितानिनीकडे पाहून. तुमच्या गावात दारावर येणाऱ्या आशाताईचं एक माहेर रायपूरला आहे.

इथेही दुसरी बाजू लगेच उभी राहते. मितानिन सुरुवातीला स्वयंसेविका होती, म्हणजे विनावेतन. बाई सेवाभावी असते, तिला पगार कशाला, या जुन्याच समजुतीवर नवी योजना उभी राहिली. पुढे कामागणिक मोबदला आला, पण पगारी नोकरी नाही. महाराष्ट्रातल्या आशांनाही मानधनासाठी आझाद मैदानात येऊन बसावं लागलं. बाईला घराबाहेर काढणं हा विजय असेल, तर फुकट राबायला बाहेर काढणं हा त्याच विजयातला पराभव आहे.

याहून काळी गोष्ट बिलासपूरजवळची. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी सकरी इथे कुटुंबनियोजनाच्या शिबिरात एका शल्यचिकित्सकानं काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्यातल्या १३ जणी दगावल्या. किती मुलं हवीत हे बाईनं ठरवावं, ही जगभरच्या स्त्रीवादाची मूळ मागणी. ती सरकारी फायलीत गेली आणि उद्दिष्टाचा आकडा होऊन बाहेर आली. नसबंदी पुरुषाची सोपी आणि कमी धोक्याची, तरी आपल्या देशात तिचा भार जवळजवळ सगळा बाईच वाहते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. त्या तेरा जणींना हक्क या शब्दाचा पुरता अर्थ कोणी समजावला असेल, असं मला वाटत नाही.

कायद्याचा उपयोग नाही असं मात्र कोणी म्हणू नये. एखादीला टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून छळणं छत्तीसगढनं २००५ मध्येच गुन्हा केलं. तिला नुसतं टोनही म्हणून बोट दाखवलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद. आपला जादूटोणाविरोधी कायदा आला तो आठ वर्षांनी, दाभोलकरांचा जीव गेल्यावर. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र वर्षानुवर्षं हरेली या सणाच्या रात्री, जेव्हा टोनहीची भीती सर्वांत जास्त असते, गावोगाव फिरून लोकांशी बोलतात.

आणि पुरुषांवरचा अन्याय? तो मुद्दा मी झटकणार नाही. सासरच्या छळाविरुद्ध १९८३ मध्ये आलेल्या ४९८-अ कलमाखाली सरसकट अटका होत होत्या हे पाहून सर्वोच्च न्यायालयानंच २०१४ मध्ये पोलिसांना लगाम घातला. या अटकांत सासू आणि नणंद असतात, त्याही बायकाच, हे दोन्ही बाजू विसरतात. खोटी तक्रार हा गुन्हाच आहे आणि त्यावर चोख तपास हाच इलाज आहे. पण त्या कारणानं ही तरतूदच काढून टाका म्हणणं म्हणजे विस्तवानं घरं जळतात म्हणून चूल विझवणं. कलमाशिवायचा काळ ज्यांनी पाहिला त्यांनी स्टोव्हचे 'भडके' मोजलेले आहेत.

कायद्यानं सत्तेतही वाटा आला: पंचायतीत छत्तीसगढनं बायकांना निम्म्या जागा दिल्या. मार्च २०२५ मध्ये कबीरधाम जिल्ह्यातल्या परसवारा गावात निवडून आलेल्या सहा बायकांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनी शपथ घेतली. बातमी फुटली, गदारोळ झाला, पंचायत सचिव निलंबित झाला. मला यातल्या गदारोळाचं समाधान वाटतं. तीस वर्षांपूर्वी ही बातमीही झाली नसती.

शेवटी पैशांकडे. मार्च २०२४ पासून इथे महतारी वंदन योजनेत सुमारे ७० लाख बायकांच्या खात्यात महिन्याला हजार रुपये येतात. महतारी म्हणजे आई. चार महिन्यांनी आपल्याकडे लाडकी बहीण आली. या पैशानं बाईच्या हातात काय येतं याचा हिशेब तिलाच विचारावा. औषध, पोराची फी, कुणाला न सांगता घेतलेलं एखादं लुगडं. मी ते लहान मानत नाही. खटकतं ते दुसरंच. महतारी वंदन मिळतं विवाहितेला, विधवेला, घटस्फोटितेला, टाकलेल्या बाईला. लग्नच न केलेल्या चाळिशीतल्या बाईला मिळत नाही. आई, बहीण, लेक, बायको. सरकारं बाईला पैसे देतात तेही नात्याचं दार दाखवून. या सगळ्या सरकारी नावांत मला एकच नाव असं दिसतं ज्याला नवरा, बाप, भाऊ, मुलगा कोणीच लागत नाही. मितानिन. मैत्रीण.

म्हणून तारक की मारक या वादात कोणी मला ओढलं तर मी स्त्रीवादाच्याच बाजूनं उभा राहीन, पण ज्या बाईच्या नावानं बोलतो आहोत ती नेमकी कोण हे विचारल्याशिवाय बोलणार नाही. तुम्हीही विचारा. पुढच्या पोळ्यानंतर जमलं तर रायपूरची गाडी पकडा, करू भाताच्या रात्री एखाद्या अंगणात बसा आणि बायका काय बोलतात ते ऐका.

राधाबाई १९५० मध्ये गेल्या. रायपूरला आज त्यांच्या नावाचं सरकारी कन्या महाविद्यालय आहे. ज्या बाईला कोणत्याही कॉलेजनं पदवी दिली नाही, तिचं नाव तिथल्या फलकावर 'डॉ. राधाबाई' असंच लिहिलेलं आहे.